पंप थांबला की

मला अजूनही आवाज थांबला की जाग येते. पंख्याचा, फ्रिजचा, समोरच्या बांधकामावरच्या मोटरीचा, कुठलाही असो. तो चालू आहे तोवर मी गाढ, आणि थांबला की डोळे टक्क उघडे. मग अंधारात कान देऊन नुसती पडून राहते, कसली तरी वाट पाहत. ही सवय कळंबची. आमच्या ओसरीत भिंतीच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेला मुठीएवढा एक पंप होता, पिवळट पांढरा, आणि त्याची रात्रभर चालणारी घुर्रघुर्र, तिच्याखाली पाण्यात फुटत जाणाऱ्या बुडबुड्यांची बारीक कुजबुज, यांच्यावर मी झोपायचे. जशी जुन्या काळी माणसं गस्तवाल्याच्या काठीच्या आवाजावर झोपत असतील, तशी.

विदर्भातला उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना तिथल्या रात्रींचे आवाज सांगायला नकोत. कूलरची घरघर, त्यातल्या खसाचा ओला गोडसर वास, त्यातलं पाणी संपत आलं की बदलणारा त्याचा सूर, आणि लांबून यवतमाळकडे जाणाऱ्या ट्रकांचा येत येत विरणारा गडगडाट. दिवस लोडशेडिंगचे होते, २००५-०६ चे. लाइन कधी जाणार हे कागदावर ठरलेलं असायचं आणि त्या कागदाचं ऐकायचं नाही हे लाइनीचं ठरलेलं असायचं. लाइन गेली की आधी कूलर थांबायचा. सगळं घर कूस बदलायचं, कुणीतरी पुठ्ठा हलवून वारा घ्यायला लागायचं, आजी उशाशी गडवा चाचपायची. मला मात्र कूलरच्या घरघरीखाली दडलेला तो दुसरा आवाज गेल्याचं कळायचं. पंप थांबलाय. मी उठून बसायचे.

पण हे टाकीनंतरचं. टाकीच्या आधी बरणी होती.

बरणी हा आईचा शब्द. दुकानदारानं तिला बाऊल म्हटलं होतं: गोल, फुगीर पोटाची, तोंडाशी निमुळती होत गेलेली काच. माझ्या अकराव्या वाढदिवसाला बाबांनी मला यवतमाळला नेलं आणि दोन गोल्डफिश घेऊन दिले. एक सगळा नारिंगी, दुसऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग. दुकानदाराला मी विचारलं होतं, हे मोठे झाले की मावतील का यात? तो हसून बाबांना म्हणाला, “भाऊ, चिंताच नका करू. भांडं जेवढं, मासा तेवढाच वाढते.” किती सुटसुटीत वाक्य! किती शहाणं वाटलं होतं तेव्हा! परतीच्या एसटीत ती फुगलेली प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर होती, खिडकीतून तिरपं ऊन तिच्यात शिरत होतं आणि माझ्या फ्रॉकवर एक केशरी ठिपका थरथरत होता, गाडी खड्ड्यात आदळली की पसरायचा, पुन्हा गोळा व्हायचा. असले मासे बहुतेक कोलकात्याकडे वाढतात आणि तिथून देशभर जातात, हे मला नंतर कळलं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, थर्माकोलची खोकी, रेल्वेचे डबे. केवढा प्रवास तो. आणि त्याची शेवटची पाऊण तासाची एसटी माझ्या मांडीवर.

टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर बरणी. पाणी असं निर्मळ की पलीकडच्या कॅलेंडरातल्या तारखा वाकड्या पण स्वच्छ दिसायच्या. मासे गोल फिरायचे, काचेपाशी येऊन तोंड उघडायचे-मिटायचे, आणि मी समजायचे, माझ्याशी बोलतायत. लहानपणी आपण सगळ्याच गोष्टींना आपल्याशी बोलायला लावतो.

तिसऱ्या आठवड्यातली ती रात्र. मे महिना, पारा पंचेचाळिसाला टेकलेला. झोपण्याआधी आई बरणीपाशी थांबली. पाणी उन्हानं वाफ होऊन चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. “तहानेजले असतील बापा,” असं काहीसं पुटपुटत तिनं माठातलं गार पाणी आणलं आणि अगदी हलक्या हातानं, माशांच्या अंगावर धार पडू नये म्हणून बोटांवरून ओघळवत, बरणी काठोकाठ भरली. मी ते गादीवरून पाहत होते. आईचा तो ओला हात, टीव्हीच्या लाल दिव्याच्या उजेडात चमकणारा, मला आजही दिसतो.

मध्यरात्री लाइन गेली. पहाटे आली तेव्हा एक मासा काठाशी तोंड लावून धापा टाकत होता, आणि पांढऱ्या डागाचा आडवा होऊन तरंगत होता. डोळे उघडे. माशांना पापण्या नसतात.

आजीनं त्याला गोडनिंबाच्या बुडाशी पुरलं आणि मला घेऊन ती चिंतामणीला गेली. कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे. वर ऊन रणरणतं आणि पायऱ्या उतरत जावं तसतसा दगडाचा गारवा पोटऱ्यांना लागतो, अंधार डोळ्यांत भरतो, मग फुलं, तेल आणि ओला दगड यांचा मिळून एक वास येतो. आजी तिथे नेहमी तीच गोष्ट सांगायची. गौतम ऋषीच्या शापानं पोळलेला इंद्र इथे आला, गणपतीनं अंकुश मारून कुंड केलं, इंद्र त्यात न्हाला; आणि त्यानंच गंगेला सांगितलं, की दर बारा वर्षांनी यायचं, देवाचे पाय धुवायचे आणि परत जायचं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते पाणी वर चढताना पाहिल्याचं आठवायचं. त्या दिवशी मी तिला विचारलं, मग कुंडाला पंप लागत नाही का? आजी म्हणाली, “देवाच्या पान्याले कायचा पंप व माय? उघडं हाये ना ते. आभाळ पिते.”

आभाळ पिते. आजीला विज्ञानाचं वावडं होतं असं नाही, तिला त्याची गरज पडली नव्हती.

बाबा जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या तोलायच्या, भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, उरेल ते पट्टीवर लिहायचं. हेच आयुष्यभर केल्यामुळे असेल, दुःख समोर आलं की ते आधी त्याचं माप घ्यायचे. मी रडत होते आणि ते टेप घेऊन बरणी मोजत होते. मग एका जुन्या काटापट्टीच्या पाठीवर त्यांनी दोन वर्तुळं काढली, एक मोठं, एक लहान. बरणी मधोमध आठ इंच रुंद, म्हणजे अर्धी भरलेली असताना पाण्याचं तोंड पन्नास चौरस इंच. काठाशी पाच इंच, म्हणजे काठोकाठ भरली की पाण्याचं तोंड फक्त वीस. “पान्यात हवा वरूनच शिरते,” ते म्हणाले, “जेवढं तोंड उघडं, तेवढा श्वास.” पाणी वाढलं होतं आणि श्वास कमी झाला होता. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी सैपाकघराकडे. भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्यांनी ती पट्टी चौघडी करून खिशात घातली. “हे आईले नको सांगू.”

नाही सांगितलं. घरात सगळ्यांना माहीत झालं ते इतकंच, की मासा गरमीनं गेला.

आठ दिवसांत ओसरीत टाकीची तयारी सुरू झाली. बाबा संध्याकाळी कामावरून आले की कागद, पेन्सिल आणि तोंडात आकडे. दोन फुटी टाकी, दोन बाय एक बाय एक, म्हणजे छप्पन लिटर. दुकानात तीच सगळे घेतात. दादाला उंच हवी होती, समोरून टीव्हीसारखी दिसणारी. बाबा म्हणाले, मासा काय जिना चढते का? तो लांबीत पोहतो, त्याला वळायला रुंदी लागते, उंची ही बघणाऱ्याची हौस. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. अर्धं त्यांनी आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या भोयाला विचारलं होतं. मी त्यांच्यासोबत होते. वाचलेला नारिंगी मासा आम्ही एका डब्यात घालून त्याला दाखवायला नेला होता, जसं पोराला दवाखान्यात नेतात तसं. त्यानं एकदा डब्यात पाहिलं, एकदा आपल्या पाटीतल्या रोहूकडे. “तोंड पाहा, खवले पाहा. हा तं याच्याच भावकीतला. चांगला वीतभर होईल हा. बरनीत काऊन कोंडला?”

तो बरोबर बोलला होता. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच गोतातला, मूळचा चीनमधला. हजार वर्षांपूर्वीपासून तिकडे तो तळ्यांत आणि रुंद तोंडाच्या मातीच्या रांजणांत वाढवला जायचा, वरून बघायचा मासा तो. लहान भांड्यात घालायचे ते पाहुण्यांना दाखवण्यापुरतं, तेवढ्या वेळेपुरतं. आपण ती तेवढी वेळ त्याचं आयुष्य करून टाकली. नीट जागा मिळाली तर तो दहा-वीस वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा एक गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं जगला. आणि दुकानदाराचं ते सुटसुटीत वाक्य? भांड्याएवढाच मासा राहतो हे खरं दिसतं, कारण घाणीनं आणि कोंडमाऱ्यानं त्याची वाढ खुंटते आणि मग तो फार दिवस राहतच नाही. आम्ही बरणी आणली त्याच सुमारास, २००५ मध्ये, रोम शहरानं गोल भांड्यात मासे ठेवायला कायद्यानं बंदी केली. रोमचा कायदा कळंबला कोण सांगणार?

शेवटी ठरली ती तीन फुटी. छत्तीस इंच लांब, पंधरा रुंद, पंधरा उंच. फोटोला काचा लावून देणाऱ्यानं जाड काच कापून दिली, आणि बाबांनी आणि दादानं दोन रविवार खपून ती सिलिकॉननं जोडली. सिलिकॉन सुकताना घरभर आंबूस वास पसरला होता, उघड्या राहिलेल्या लोणच्याच्या बरणीसारखा. मला तो वास अजून कुठे आला की आशा वाटायला लागते, कशाची ते सांगता येत नाही. पहिल्यांदा भरली ती अंगणात, गळते का बघायला. गळली. पुन्हा सुकवली, पुन्हा जोडली. लोखंडी अँगलचा स्टँड आला, गवंड्याकडून पाण्याची नळी आणून त्याची पातळी धरली गेली, काचेखाली थर्माकोलची पट्टी. बाबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की काठोकाठ भरली तर एकशे बत्तीस लिटर, वर इंचभर सोडला की सव्वाशेच्या आत-बाहेर. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे ओसरीत सव्वा क्विंटल पाणी उभं राहणार आहे, आणि शिवाय काच. क्विंटलमध्ये सांगितल्यावर कुठे ते त्यांना स्वतःला पटलं.

आजीला नाही पटलं. नळ दिवसाआड. टाकी भरायला दहा हंडे. “मानसाइले प्याले पानी नाई अन् मच्छ्याइले हौद!” ती दोन दिवस बाबांशी बोलली नाही. तिचं चुकीचं होतं असं आजही मला म्हणता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात दहा हंडे पाणी ही चेष्टा नव्हे. तोडगा आईनं काढला. दर रविवारी टाकीतलं दोन-तीन हंडे पाणी बदलायचं असे, ते काढलेलं पाणी तिनं गटारात जाऊ दिलं नाही, तुळशीला घातलं, गोडनिंबाला घातलं, वांग्यांना घातलं. नवं पाणी आदल्या रात्री घंगाळात उघडं ठेवायचं, त्यातली नळाची पावडर उडून जायला. महिन्याभरात वांगी अशी काही लागली की आजीनं स्वतःहून विचारलं, “आज मच्छ्याइचं पानी कहाडाचं नाई का?”

आणि मग एके दिवशी, भाजी करता करता, आईनं मला असं काही सांगितलं की पुढे कुठल्याही पुस्तकात मी ते याहून नीट वाचलेलं नाही. मी विचारलं होतं, एवढासा मासा, त्याला एवढं पाणी कशाला? तिच्या रश्शात तिखट जास्त झालं होतं. तिनं तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं. “तिखट जास्त झालं तं काय करतो आपन? पानी वाढोतो. मच्छी त्याच पान्यात खाते, त्याच पान्यात घान करते. गंजात तिखट लागते, हौदात लागत नाई.”

एवढंच आहे ते. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं निर्मळ असतं आणि आतला जीव भाजत असतो. पाणी जेवढं तापेल तेवढा हा अमोनिया जास्त जहाल, आणि वर पाणी तापलं की त्यातला श्वासही उडून जातो: वीस अंशांना लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. आमच्याकडच्या मे महिन्यातली चार लिटरची बरणी म्हणजे चुलीवर ठेवलेला गंजच. मोठं पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं, उशिरा नासतं. माणसाच्या हातून व्हायच्या त्या चुका होतातच, एक दिवस दाणे जास्त पडतात, एक रविवार चुकतो, पाहुणे येतात, लग्नं निघतात. सव्वाशे लिटर पाणी त्या चुका पोटात घालतं. चार लिटर घालत नाही.

लोक येऊन बघायचे आणि म्हणायचे, एवढी मोठी टाकी आणि मासे दोनच? रिकामी रिकामी दिसते हो. वाचलेल्या नारिंगीला बाबांनी एकच सोबती आणला होता, आणि तिसऱ्याचं नाव काढू दिलं नाही. दादा वहीत कुठूनसा उतरून आणलेला नियम दाखवायचा, अमुक पाण्याला अमुक इंच मासा, म्हणजे अजून पंचवीस तरी बसतील. बाबांनी काटापट्टी उलटी केली. मासा लांबीनं दुप्पट झाला की वजनानं आठपट होतो, हे त्यांनी आमच्याकडून चौकोनी ठोकळे मांडून पटवून घेतलं. इंचात मोजायला मासा म्हणजे काय रिबीन आहे? दादानं रागानं वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी सोडले, डासांसाठी आरोग्य खात्याचे लोक गावोगाव सोडतात ते. पाच आणले होते. दिवाळीपर्यंत मोजता येईनात. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, महिन्या-महिन्याला. आणि नर काढून टाकला तरी काही महिने देतच राहते. ते प्रकरण लांब आहे, सोडून देऊ.

तर पंप.

टाकीत पंप आला, बारीक दगडातून बुडबुडे आले, आणि रात्रीला नवा आवाज आला. पंप टाकीतल्या पाण्याहून उंच टांगायचा, नाहीतर लाइन गेली की पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं. म्हणून तो खिळा, म्हणून ती सुतळी. पहिल्या काही रात्री लाइन गेली की आम्ही दोघं उठायचो, बाबा आणि मी. कंदील लावायचा नाही, आजीची झोप मोडते. अंधारात बाबा पितळी गडवा टाकीत बुडवायचे, भरलेला गडवा हातभर उंच न्यायचे आणि बारीक धारेनं पाणी पुन्हा पाण्यात सोडायचे. एकदा, दोनदा, वीसदा. त्यांचा हात दुखला की माझा. त्या धारेचा आवाज मला शब्दांत धरता येत नाही. आधी पातळ, मग पाण्यात शिरताना जाड. मध्येच गडव्याच्या काठाचा काचेला लागून टिंग. आणि मधल्या शांततेत बाबांचा श्वास, माझा श्वास, आणि काळोखात कुठेतरी, न दिसणारे, दोन मासे. बोलायचो नाही आम्ही. बोलण्यासारखं सगळं त्या धारेत होतं. कधी कधी वाटतं, माझ्या आणि बाबांच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं संभाषण ते, आणि त्यात एक शब्द नाही.

मग एका रात्री गडवा भरता भरता बाबा थांबले. हळूच काडी ओढून त्यांनी टाकीत पाहिलं. मासे तळाशी, शांत, शेपट्या सैल. वर कुणी धापा टाकत नव्हतं. काडी विझेपर्यंत आम्ही बघत राहिलो. “छत्तीस गुणिले पंधरा किती?” त्यांनी अंधारात विचारलं. मी हिशेब केला. पाचशे चाळीस. बरणीचे होते वीस. “मंग झोप आता,” ते म्हणाले, “दोन मच्छ्याइले एवढं आभाळ पुरते.”

त्यांनी तो शब्द आजीकडूनच उचलला असणार.

त्यानंतर आम्ही उठलो नाही. म्हणजे, बाबा उठले नाहीत. मला जाग यायची ती येतच राहिली. पंप थांबला की डोळे उघडायचे, आणि मी वाट पाहायचे, कदाचित गडव्याची टिंग ऐकू येईल म्हणून. मोठ्या टाकीनं माशांना श्वास दिला, घराला झोप दिली, आणि माझ्याकडून त्या रात्री काढून घेतल्या. तक्रार नाही ही.

पुढे एका सुट्टीत आम्ही मुंबईला गेलो होतो, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलं, १९५१ सालचं. निळसर काळोख, चिकटून उभी असलेली गर्दी, काचेमागे समुद्राचे तुकडे. दादा कासवापाशी, आई रंगीत माशांपाशी आणि बाबा तिथल्या एका कामगाराला गाठून विचारतायत, “ही किती बाय किती?” आम्हाला लाज वाटली होती. आता वाटते ती त्यांच्यासारखं न विचारणाऱ्यांची वाटते. हॉटेलच्या काउंटरवर, दवाखान्याच्या बाकाशेजारी, स्वतःच्या अंगाएवढ्या काचेत वळताही न येणारे हातभर मासे ठेवून समृद्धीची वाट बघणाऱ्यांची. आणि तो फायटर मासा, दुकानातून पेल्यात मांडलेला! तो वरची हवा गिळू शकतो, आपल्या मरळीसारखा, म्हणून पेल्यात मरत नाही. मरत नाही यालाच जगणं म्हणून खपवायचं, ही आपली जुनी खोड.

आता मी नागपुरात राहते, तिसऱ्या मजल्यावर, इन्व्हर्टर असलेल्या घरात. कळंबला जायला २०२४ च्या फेब्रुवारीपासून वर्ध्याहून रेल्वे झाली आहे. लेकीला तिचं फार अप्रूप. लेक सहा वर्षांची. तिला मासे हवेत. मॉलमध्ये तिनं एक बरणी दाखवली, गोल, फुगीर, तोंडाशी निमुळती. मी तिचा हात धरून बाहेर आले ती थेट काचवाल्याकडे.

या खेपेला मी पुस्तकं वाचली, आणि वाचता वाचता एका रात्री थबकले. नव्या पाण्यात अमोनिया खाणारे जिवाणू नसतात. ते आपणहून, हळूहळू दगडांवर, जाळीवर वस्ती करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच, दुसरी त्याचं नायट्रेट करते, जे आईच्या वांग्यांना चाललं होतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर विष चढत जातं, आणि लहान भांड्यातले मासे बहुधा मरतात ते याच काळात. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आठवड्यात. आमचा गेला तो तिसऱ्या आठवड्यात. चार लिटर, दोन मासे, मे महिना. काठोकाठ भरली नसती तरी पांढऱ्या डागाचा वाचला नसता. त्या रात्री नाही तर पुढच्या.

मी बाबांना फोन लावला. रात्रीचे दहा वाजून गेले होते, ते कळंबला झोपायच्या तयारीत. जिवाणू, अमोनिया, आठवडे, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मला वाटलं लाइन कटली.

“मंग तुह्या आईचं काही नव्हतं त्यात.”

“नव्हतं, बाबा.”

पलीकडे पुन्हा शांतता. वीस वर्षं त्यांनी ती चौघडी खिशात बाळगली होती.

“बरं,” ते म्हणाले. “किती बाय किती घेतली?”

छत्तीस, पंधरा, पंधरा, मी सांगितलं.

टाकी आता हॉलमध्ये आहे. पाणी आहे, दगड आहेत, पंप खिळ्याला टांगलेला आहे, आणि जिवाणूंसाठी लेक रोज चिमूटभर दाणे रिकाम्या पाण्यात टाकते. दर रविवारी आम्ही बाटलीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकतो. पिवळं आलं की अमोनिया नाही. आज बाविसावा दिवस आहे, पाणी अजून हिरवट येतंय. मासे अजून आणलेले नाहीत.